मावसाजींनी निवडलेला लॉज

आमच्या मोठ्या मावसाजींनी आयुष्यात कुणाच्या चेहऱ्याकडे आधी पाहिलं असेल, यावर माझा विश्वास नाही. ते आधी कापडाकडे पाहतात. सदऱ्याकडे, पदराकडे, खिडकीवरच्या पडद्याकडे आणि सगळ्यात जास्त चादरीकडे. चादर या वस्तूवर एवढी निष्ठा असलेला दुसरा माणूस अख्ख्या नागपुरात नाही, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांची मला काळजी वाटते. गोळीबार चौकामागच्या घरात त्यांनी तीसेक वर्षं हातमाग चालवला. पुढे माग बंद पडला, त्याची लाकडं माळ्यावर गेली, मावसाजी एका शाळेत शिपाई म्हणून लागले आणि तिथून निवृत्तही झाले. बोटांना मात्र यातलं काही कळलेलं नाही. कापड दिसलं की त्यांचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आपोआप पुढे होतं आणि समोरच्याची बाही चिमटीत येते. माझ्या मामेबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाच्या वडिलांची बाही अशी धरली, दोनदा चोळली आणि भरल्या मांडवात विचारलं, "हे सुती म्हणून घेतलं का तुमी? फसवलं नं तुमाले." व्याही तीन वर्षं त्यांच्याशी बोलले नाहीत.

खिशात त्यांच्या धागे मोजायचं एक छोटं पितळी भिंग असतं. शेजारचे काका दवाखान्यात होते तेव्हा मावसाजी त्यांना भेटायला गेले, पण खाटेजवळ पोहोचताच वाकून चादरीला भिंग लावून बसले. काकांनी भिडेखातर पाय थोडा वर धरला. "छप्पन," मावसाजी म्हणाले, आणि काकांना वाटलं आपल्या नाडीचे ठोकेच मोजले. ते रात्रभर झोपले नाहीत म्हणे. कुणाकडे मुक्कामाला जायचं असलं की मावसाजींच्या काखेत स्वतःच्या दोन चादरी आणि एक जाडजूड गोधडी असते. सासुरवाडीलाही असते. घरच्या चादरी ते स्वतः धुतात, स्वतः वाळत घालतात, आणि मावशीला त्या दोरीच्या आसपासही फिरकू देत नाहीत. "चाळीस वर्षं झाली लग्नाले," मावशी म्हणते, "पण या माणसानं मले अजून चादर पिळू दिली नाही. बाकी सारं पिळून घेतलं."

या वेडाची एक बाजू अशी होती की तिच्यापुढे मी मान झुकवायचे. मावसाजी कापडाबद्दल खोटं बोलत नसत. एक व्यापारी मशीनवरची लुगडी घेऊन आला होता. हातमागाची आहेत असं फक्त चारचौघांत म्हणा, एवढीच त्याची विनंती. मावसाजींनी त्याला चहा पाजला आणि गठ्ठा परत उचलून दिला. "माणसाबद्दल एखाद्या वेळी बोलून जाईन काही खोटंनाटं," ते मला म्हणाले होते, "कापडाबद्दल नाही. हात लावाची लायकी राह्यत नाही मंग." माझे बाबा विणकरांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात बाराखडीच्या आधी 'जाहीर निषेध' शिकवला गेला. त्यामुळे असं वाक्य ऐकलं की मला मुठी आवळाव्याशा वाटत. कॉलेजसाठी मी मावशीकडे राहायला आले तेव्हा या घरात एक खरा माणूस आहे, या भरवशावरच आले होते.

त्या उन्हाळ्यात रामटेकच्या वाटेवर एक नवं थीम पार्क उघडलं. पाळणे, भुताचं घर आणि पाण्याच्या घसरगुंड्या. त्यातली सर्वांत उंच घसरगुंडी हिरव्या सापासारखी वेटोळं घालत खाली यायची. दोन दिवसांचं तिकीट काढायचं, उमरेडहून मावसाजींचा मुलगा, सून आणि त्यांची दोन पोरं येणार, नागपूरची आम्ही मंडळी, सगळे मिळून नऊ जण, मधे एक मुक्काम, असं ठरलं. या बेतावर सर्वांत खूश होती मावसाजींची नात. ती आणि तिची आई, म्हणजे मावसाजींची मुलगी, माझी ताई, मावसाजींकडेच राहत. नात तेव्हा आठ वर्षांची होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिने त्या सापाचं चित्र महिनाभर रोज काढलं. मग एके दिवशी जेवताना मुक्कामाची गोष्ट निघाली, आणि तिने ताट बाजूला सारून सांगितलं, "मले नाही यायचं. मले पाण्याची भीती वाटते."

जी मुलगी अंगणातल्या टाक्यातून ओढून काढावी लागायची, तिला पाण्याची भीती! कारण घरातल्या आम्हा चौघांना माहीत होतं. झोपेत तिचं अंथरूण ओलं व्हायचं. रोज नाही, पण दमली की हमखास. डॉक्टरांनी तपासलं होतं. काही बिघाड नाही, वयाप्रमाणे आपोआप थांबेल, असं सांगितलं होतं. ते थांबेपर्यंत ती कुणाकडेच झोपायला जात नव्हती. मामाकडे नाही, मैत्रिणीकडे नाही. आणि आता तर उमरेडची पोरं बरोबर असणार होती. त्यातला मोठा विक्की अकरा वर्षांचा, हुशार आणि टोपणनावं ठेवण्यात पटाईत. एका लग्नात भटजींच्या पाटावर धडपडलेल्या चुलतभावाला त्याने जे नाव दिलं, ते त्या पोराच्या शाळेपर्यंत पोहोचलं होतं. नातीला हे पक्कं ठाऊक होतं. एक ओली सकाळ, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात तिला नवं नाव.

माझं रक्त उसळलं. यात लपवायचं काय आहे? हा आजार नाही, गुन्हा तर नाहीच. लाज वाटायची ती हसणाऱ्यांना वाटू द्या! मी एका बैठकीत पानभर मजकूर लिहिला: 'घाबरायचं नाही, लपवायचं नाही'. चार मुद्दे, शेवटी आवाहन. पार्काला निघायच्या आधी सगळ्या भावंडांना एकत्र बसवून वाचून दाखवायचा, असा माझा बेत होता. आधी मावसाजींना दिला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"लिवलं तं झकास आहे," ते म्हणाले. "हे तिनं मांगतलं का?"

"नाही, पण मुद्दा असा आहे मावसाजी, की..."

"नाही नं?"

"नाही."

"मंग?"

 मी कागद घडी करून ठेवला. मावशीचं म्हणणं होतं की पोरीला राहू द्यावं घरी, आपण दोघी तिच्याजवळ थांबू. मावसाजी उठले आणि खुंटीवरचा दुपट्टा काढून डोक्याला बांधायला लागले. "पोरगी येईन," ते म्हणाले. "आपण जागा पाहू. चाल वं, गाडीवर बस."

आणि मे महिन्याच्या त्या उन्हात आम्ही स्कूटरवरून रामटेकच्या रस्त्याने राहायची जागा शोधत निघालो.

पहिलं रिसॉर्ट पार्काला खेटूनच होतं. विक्कीने कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचे अकरा फोटो टाकले होते आणि सगळ्यांचा कौल तिकडेच होता. खोलीत पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेले, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. मावसाजींनी एक हंस उचलला आणि सोडवून सरळ टॉवेल केला. "मान लय कडक आहे याची," ते म्हणाले. मॅनेजर नम्रपणे म्हणाला, "काका, ते डेकोरेशन आहे." "मालूम आहे. आंग कायनं पुसाचं मंग?" मग मॅनेजरने मोठ्या अभिमानाने मुलांसाठीचा खास हॉल दाखवला. एकावर एक अशा सोळा खाटा, भिंतीवर कार्टून. उमरेडच्या पोरांचा सगळा जीव याच हॉलवर जडला होता. मावसाजी एका खाटेवर बसले. गादीला प्लास्टिकचं आवरण होतं, ते करकरलं. त्यांनी कूस बदलल्यासारखं केलं, पुन्हा करकरलं. ते बराच वेळ त्या सोळा खाटांकडे पाहत राहिले, आणि चादरीबद्दल काही न बोलता बाहेर आले. असं मी त्यांना प्रथमच पाहत होते.

दुसऱ्या ठिकाणी तंबू होते. मावसाजींनी तंबूला वळसा घातला आणि विचारलं, "दोरी कुठी आहे?" तंबूवाल्याने तंबूच्या दोऱ्या दाखवल्या. "हे नाही गा. धुणं वाळवाची." ती नव्हती. तिसरा लॉज स्वच्छ होता, पण त्यांच्या चादरी आठवड्यातून एकदा नागपूरला धुवायला जात. "आन मधात लागली तं?" "मधात कशाला लागेल, काका?" मावसाजींनी त्याला नमस्कार केला आणि स्कूटरला किक मारली. माझं डोकं उन्हाने भणभणत होतं. मी म्हटलं, "मावसाजी, सगळ्यांना नाहीच म्हणणार आहात का?" ते म्हणाले, "तू पाणी पे."

चौथी जागा रस्त्यापासून आत, धानाच्या कोरड्या बांधांच्या पलीकडे होती. सहा खोल्यांची बैठी चाळ, समोर अंगण, एका बाजूला विहीर, तिच्याशेजारी पोरंटोरं पोहतील एवढा सिमेंटचा हौद, आणि अंगणभर ताणलेल्या पाच दोऱ्या. मालकीणबाई पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेल्या. त्यांनी खोली उघडून दिली. मावसाजींनी पलंगावरच्या चादरीला हात लावला आणि थांबले. खिशातून भिंग काढलं, वाकले, मोजलं, पुन्हा मोजलं.

"कुठली आहे वं बाई ही?"

"खाप्याची. माह्या माहेरची. सासरे होते तवा घेतल्या होत्या, हातमागाच्या. धुऊधुऊ लोण्यावानी झाल्या."

मावसाजींनी डोळे मिटले. मला वाटलं आता रडतात. मग त्यांनी डोळे उघडले आणि चौकशी सुरू केली. पाणी चोवीस तास आहे का? आहे. हौदात कपडे धुतलेले चालतीन का? चालतीन. सकाळी ऊन दोरीवर किती वाजता येते? खोलीले मांगून दरवाजा आहे का? बाईंनी चार-पाच उत्तरं दिली आणि मग कमरेवर हात ठेवले. "तुमी राहाले येऊन राहिले का धुणं धुवाले?"

"दोन्ही," मावसाजी म्हणाले, आणि सगळ्या खोल्या सांगून टाकल्या.

ग्रुपवर बंड झालं. 'आबाजी, तिथं एसी नाही.' 'आबाजी, पूल नाही.' 'पार्क चार किलोमीटर लांब आहे आबाजी!' मावसाजींनी बोलून निरोप पाठवला. दोनच शब्दांचा. "चादर आहे." त्यावर मुलाने कपाळाला हात मारल्याची चित्रं पाठवली, सुनेने हात जोडल्याची पाठवली, आणि बाबा चादरीपायी पार येडे झाले यावर उमरेडचं एकमत झालं. दोर, हौद, मागचं दार, यांचा अर्थ कुणी लावायला गेलंच नाही. चाळीस वर्षांचं वेड असं एकदाचं कामी आलं होतं.

नातीला त्यांनी एवढंच सांगितलं, "माह्या भरवशावर चाल. काही झालं तं मी आहो."

"काय करसाल?"

"ते माह्यावर सोड."

नंतर मी त्यांना हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "पाहू. मलेही मालूम नाही अजून."

पार्कात ती सापाच्या घसरगुंडीवरून नऊ वेळा खाली आली. शेवटच्या खेपेला विक्की तिच्या मागे रांगेत होता आणि "ए, आता माझी बारी" म्हणून ओरडत होता. तिचं हसणं पाण्याच्या आवाजावर ऐकू येत होतं. संध्याकाळी ती जेवता जेवता पेंगायला लागली. मावसाजींनी आपली गोधडी चार पदरी करून तिच्या पलंगावर घातली, वर चादर ताणली. "पाठीले बरी," ते सर्वांसमोर म्हणाले.

सकाळी मला जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता. ताई आणि मावशी झोपलेल्या. नात पलंगाच्या टोकाला गुडघे पोटाशी धरून बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. ती फक्त दाराकडे पाहत होती, कारण दाराबाहेर ब्रश तोंडात घातलेल्या विक्कीचा आवाज होता. "उठली का वं? किती झोपतं! साप वाट पाहून राहिला!" कडी हलली.

दार उघडलं ते मावसाजींनी. विक्कीला कोपराने बाजूला सारून ते आत आले आणि दार मागे लोटलं. त्यांनी पलंगाकडे एकदा पाहिलं, तिच्याकडे पाहिलंच नाही. एका हिसक्यात चादर आणि गोधडी ओढली, गुंडाळी केली, काखेत मारली. आणि मग त्या मवाळ माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघाला की विहिरीवरची पाखरं उडाली.

"काय घाणेरड्या चादरी आहेत इथच्या! झोपलो मी रातभर यायच्यावर! उठा, उठा सारे! सगळ्या धुवा लागतीन!"

ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत शिरले. मुलाच्या अंगाखालची चादर ओढली, तो जमिनीवर आला. सुनेने "अहो बाबा!" म्हणेपर्यंत तिचीही गेली. विक्कीच्या भावाला त्यांनी चादरीसकट उचललं आणि हौदाच्या काठावर ठेवलं. नऊ चादरी हौदात पडल्या, ती गुंडाळी मधोमध. "उतरा रे पोट्टेहो," त्यांनी फर्मान सोडलं, "तुडवा! जो जास्त फेस काढीन त्याले जिलेबी!" विक्की कपड्यांसकट आधी उडी मारून मोकळा झाला. दुसरा मागोमाग. मावसाजींनी नातीला अंगावरच्या कपड्यांनिशी उचललं आणि आत सोडलं. क्षणात तिघंही डोक्यापासून पायापर्यंत सारखीच ओली होती.

तेवढ्यात मालकीणबाई धावत आल्या. आवाज त्यांच्यापर्यंत गेला होता.

"माह्या चादरी घाणेरड्या? परवा सायंकाळी या हातानं धुतल्या मी! जागा पाहाले आले तवा तं डोळे मिटून हात फिरवत होते!"

मावसाजींच्या हातात एका चादरीचं ओलं टोक होतं. त्यांचा अंगठा त्यावरून फिरत होता. खाप्याची, हातमागाची, लोण्यासारखी. त्यांनी मान वर केली नाही.

"मळक्या आहेत, बाई," ते म्हणाले.

मी त्यांना ओळखत होते, म्हणून मला कळलं की हे तीन शब्द उच्चारायला त्यांना काय लागलं असेल. बाईंना ते कळायचं कारण नव्हतं. त्या संतापाने हौदापाशी गेल्या आणि वाकून हाताला येईल ते ओढून काढलं. ती चार पदरी गोधडी होती, मधोमध अजून न भिजलेली, आणि तिच्या एका भागावर... बाईंचा हात थांबला. हौदातली उड्या मारणारी दोन पोरं काही पाहत नव्हती. तिसरी उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती बाईंकडे पाहत होती.  त्या क्षणी बाईंनी नुसतं "हे काय?" म्हटलं असतं तरी सगळं संपलं होतं.

बाईंनी गोधडी परत पाण्यात टाकली आणि पायाने खाली दाबली.

"असतीन मळक्या," त्या म्हणाल्या. "एका हातानं किती धुणार मी? पण साबण माहाच लावा, तुमचा नोको. आन तू वं, उभी काहून राहिली? नाच नं!"

ती नाचायला लागली. मी ओट्यावर बसले, आणि शेजारी ताई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दहा वाजेपर्यंत मेच्या उन्हात नऊ चादरी पाच दोऱ्यांवर खडखडीत वाळल्या, आणि त्यांतली कोणती कुणाची होती हे देवालाही सांगता आलं नसतं. मावसाजींनी त्या सगळ्या स्वतः झटकल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी केल्या आणि दोन्ही हातांनी बाईंच्या स्वाधीन केल्या. काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं. "जाऊ द्या, भाऊ," बाई म्हणाल्या, आणि घड्या घेऊन आत गेल्या.

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला विक्की ही गोष्ट रंगवून सांगतो: आबाजींनी लॉजवाल्या बाईच्या चादरी कशा धुतल्या, बाबा कसे खाली आपटले. माणसं हसून लोळतात. मावसाजी खाली मान घालून स्वतःही हसतात. जो माणूस कापडाबद्दल कधी खोटं बोलला नाही, त्याने चांगल्या चादरीवर घेतलेला आळ सगळ्या गोतावळ्यात पसरलेला असतो, आणि तो माणूस तो आळ खोडत नाही. मला तर जागच्या जागी उभं राहून खरं काय ते जाहीर करावंसं वाटे. मी ते केलं नाही. एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात गिळली असेन.

नात आता नववीत आहे. तिचं ते सगळं कधीच थांबलं. शाळेच्या सहलींना ती दोन दोन मुक्काम करून येते. मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिही नं. आता काय त्यात? विक्कीदादाले पण वाचू दे." मला केवढं हलकं वाटलं! लिहून झाल्यावर तिनेच हे मावसाजींना वाचून दाखवलं, कारण त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. ते खुर्चीत बसून ऐकत होते. हौदापाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे काय लिवलं तिनं? असं काही झालं नव्हतं."

"आजोबा, मीच तं होती तिथं."

"तू लायनी होती. तुले काय आठवते? चादरी मळक्या होत्या, म्हणून धुतल्या. बस." मग माझ्याकडे वळून, जरा दरडावून, "भलतंसलतं छापू नको वं पोरीबद्दल."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. आता गरज नाही, सगळं मोकळं झालंय, हे त्यांना कसं सांगावं ते तिला कळेना, आणि मलाही कळेना. तिने कागद मांडीवर ठेवला आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हो आजोबा," ती म्हणाली. "लय मळक्या होत्या."

"मंग," मावसाजी म्हणाले, आणि निवांत डोळे मिटून मागे रेलले.